भावनांचा बंदोबस्त: नवशिक्या आईबापांसाठी

अभिनंदन! तुमच्या घरात मूल आहे, ते आता नीट बोलायला लागलं आहे, आणि परवा पाहुण्यांसमोर त्याने "मला राग आला" असं तोंडावर सांगून टाकलं. घाबरू नका. दुखणं लवकर हाती लागलं आहे. वेळेवर उपाय सुरू केले तर बाराव्या वर्षी हेच मूल कुठल्याही प्रश्नाला "काही नाही" म्हणू लागेल, आणि विशीत फोनवर नुसतं "हं".

ही मार्गदर्शिका सिंदी मेघेच्या लेआउटांमधल्या अनुभवी पालकांकडे बघून तयार केली आहे. (सिंदी मेघे, वर्ध्याला चिकटलेलं. सेलू तालुक्यातलं सिंदी रेल्वे वेगळं. तिकडे उतरून आमचं घर शोधू नका.) २०११ च्या जनगणनेने आम्हाला शहरात मोजलं, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. त्यामुळे आमच्या पोरांना दुहेरी लाभ होतो: शेजाऱ्यांची नजर गावाची आणि आईबापांच्या अपेक्षा शहराच्या. आर्वी, देवळी, हिंगणघाटकडचं घर मागे ठेवून, पोरांच्या शिक्षणासाठी इथे प्लॉट घेतलेले बाप गल्लोगल्ली भेटतील. प्लॉटचे हप्ते, घराचे हप्ते, ट्यूशनचे हप्ते. एवढं सगळं चालू असताना पोराने उदास होणं परवडत नाही.

सुरुवात करण्याआधी एक गैरसमज काढून टाका. मुलाला हे सगळं बसून शिकवावं लागतं, असं पुष्कळांना वाटतं. गरज नाही. अमांडा मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तोवरच्या संशोधनाची मांडणी केली. घर मुलाला भावना हाताळायला तीन वाटांनी शिकवतं, असं त्यांचं म्हणणं. मोठे स्वतः कसे वागतात हे मूल बघतं, ही एक वाट. मुलाला राग-रडू आलं की मोठे काय करतात, ही दुसरी. आणि घरातली एकूण हवा, म्हणजे आईबापांचं आपसात कसं चाललंय, ही तिसरी. थोडक्यात, तुम्ही सोफ्यावर नुसते बसून होता तेव्हाही शिकवणी चालूच होती. आता फक्त हात बसायचा राहिला आहे.

१. रडणं उगवतानाच खुडा

सरावासाठी तान्हा पोळा उत्तम. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. समजा, तुमच्या पाच वर्षांच्या पोराच्या बैलाचं चाक भर मिरवणुकीत निघालं. शेजारच्या पोट्ट्याचा बैल धडधाकट पुढे गेला. तुमचा भोकाड पसरतो. क्रम पाठ ठेवा.

पहिलं वाक्य: "एवढ्याशासाठी कोणी रडते काय?" यातून मुलाला कळतं की आपल्या दुःखाचं माप दुसरा काढतो, आणि ते नेहमी लहानच निघतं. दुसरं: "पाय, सगळे हसून राहिले तुले." कुणी हसत नसतं, सगळे आपापल्या बैलांमागे असतात, पण हे वाक्य आयुष्यभर टिकतं. तिसरं: चॉकलेट. चौथं, चॉकलेट खाऊनही रडणं थांबलं नाही तर: "थांब, आता खरंच रडायला लावतो." म्हणजे आतापर्यंतचं रडणं खोटं होतं, हेही परस्पर सिद्ध झालं.

मुलगा असेल तर "पोरीसारखा काय रडून राहिला?" हे कुठेही घालता येतं. मुलगी असेल तर तिला फक्त "पुरे आता" म्हणा. पोरींनी रडावं असं सगळेच म्हणतात, पण त्या रडू लागल्यावर जवळ थांबायला कुणी तयार नसतं.

एक वाक्य मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका: "चाक निघालं म्हणून वाईट वाटलं का रे?" हे धोकादायक आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात असं दिसलं की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, धावपळ कमी होते. पोराला एकदा का "वाईट वाटलं" हा शब्द सापडला, की ते पाच मिनिटांत गप्प होऊन चाक शोधायला लागेल, आणि तुमची तिन्ही वाक्यं वाया.

२. चेहरा कोरा ठेवा

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. तान्ह्या बाळाशी खेळणाऱ्या आईला सांगितलं, आता थोडा वेळ चेहरा अगदी कोरा ठेवून नुसतं बाळाकडे बघा. बाळाने आधी हसून पाहिलं, हातवारे केले, आवाज काढले. काहीच परत येईना तेव्हा ते कासावीस झालं आणि तोंड फिरवून बसलं. या प्रयोगासाठी बिचाऱ्या ट्रॉनिक यांना आयांना वेगळी सूचना द्यावी लागली. तुमच्याकडे मोबाइल आहे. पोरगी शाळेतून येऊन "आज ना, बाईंनी..." म्हणून सुरू करते, तेव्हा स्क्रीनवरून बोट न उचलता "हं, मग?" एवढं म्हणा. आठवड्याभरात ती "आज ना" वर थांबू लागेल. महिनाभरात तेही बंद.

३. घरात हवामान खातं उघडा

हा या पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा धडा, म्हणून थोडा सावकाश वाचा. नवशिके पालक मुलाच्या भावना कशा सांभाळायच्या या काळजीत असतात. उलट आहे. आपल्या घरात भावना सांभाळायचं काम मुलाचं असतं, आणि त्या भावना आपल्या असतात.

प्रशिक्षण संध्याकाळी होतं. बाबा ऑफिसातून येतात. फाटकाची कडी वाजते. गाडीचा स्टँड एका लाथेत लागला तर आकाश निरभ्र. दोनदा आपटला तर ढगाळ. स्टँड लागल्यावर काही क्षण कुठलाच आवाज आला नाही, तर साहेबाने ऐकवलं आहे, बाबा गाडीवर तसेच बसून आहेत. टीव्ही बंद करा, पुस्तक उघडा, कुठलंही. मग चावी. खिळ्याला अडकवली तर सहलीच्या पैशांची चिठ्ठी दप्तरातून काढता येते. टेबलावर टाकली, घसरत मिठाच्या बरणीपर्यंत गेली, तर चिठ्ठी परत गणिताच्या वहीत. मोज्यांना वास आहे की नाही यावर काही अवलंबून नाही, पण मोजे कुठे पडतात यावर आहे.

आई स्वयंपाकघरातून अधिकृत बुलेटिन देते: "आत्ता नको. जेवू दे त्यांना आधी." जेवणानंतर: "आत्ता नको. बातम्या लागल्या." बातम्यांनंतर: "उद्या सकाळी सांग, मी सांगते त्यांना." सकाळी बाबा घाईत असतात. सहल नागपूरला अजब बंगला बघायला जाऊन परत येते.

असं मूल दुसरी-तिसरीत असतानाच निष्णात होतं. पाहुण्यांना वाटतं, किती समजूतदार आहे. अगदी बरोबर. त्याला बापाच्या खोकल्यातले चार प्रकार कळतात, आईच्या "काही नाही झालं" मधला कुठला खरा ते कळतं, आजीला कुठल्या वेळी कुणाबद्दल बोललेलं चालत नाही ते कळतं. पुढे नोकरीत ते साहेबाच्या भुवईवरून पगारवाढ ओळखेल. फक्त परीक्षेच्या सकाळी त्याच्या स्वतःच्या पोटात गोळा का येतो हे विचारलं, तर "ॲसिडिटी" म्हणेल. अँटासिड आणून ठेवा.

आईसाठी पूरक अभ्यासक्रम: अबोला. भांडण झालं की बोलू नका; भांड्यांना बोलू द्या. कढई आपटताना मध्येमध्ये थांबायचं, म्हणजे बाहेरच्यांना वाटेल संपलं, आणि मग झाकण. मुलाने येऊन "आई, काय झालं?" विचारलं की "मला काय होणार आहे!" असं म्हणून पोळी लाटत राहा. दोन दिवसांनी काहीच न घडल्यासारखं "जेवायला या" म्हणा. भांडण मिटतं कसं, हे मुलाला कधीही दिसता कामा नये. ते फक्त दिसेनासं झालेलं दिसलं पाहिजे.

४. रागाची वाटणी करा

राग ही वडिलोपार्जित मालमत्ता आहे, हिस्से ठरलेले असतात. बापाला पूर्ण. आईला भांड्यांपुरता. मुलाला अर्धा, तोही बहिणीवर आणि गाडीच्या ॲक्सिलरेटरवर काढायचा. मुलीला नाही, हवं तर तिने डोकं दुखवून घ्यावं.

मुलाने आवाज चढवला की त्याच्याहून मोठ्याने ओरडून सांगा, "ओरडून बोलायचं नाही!" यात काही विसंगती आहे असं वाटणारे पालक या क्षेत्रात टिकत नाहीत. आमच्या जिल्ह्याला या बाबतीत मोठी परंपरा आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ चं. 'नीट' येण्याआधी तिथे स्वतःची प्रवेश परीक्षा असे, आणि तिच्यात गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर. अहिंसेवरचं उत्तर नीट पाठ झालं नाही म्हणून वर्ध्यातल्या किती घरांत पोराच्या पाठीत धपाटे बसले असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही. पद्धत म्हणून मात्र ती निर्दोष: एक विषय तोंडी झाला, दुसरा प्रात्यक्षिक.

५. दुःख आल्यास

बापांनो, हा तुमच्यासाठी. दुःख येणारच. ते मुलांसमोर येऊ द्यायचं नाही एवढीच काळजी. घरात यासाठी एक वस्तू लागते: कूलर. विदर्भात ती असतेच.

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ या तंत्रात अव्वल. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि त्यांचे वडील गेले. मसणातून आले, आंघोळ केली, पाहुण्यांना पाणी विचारलं. मग मागच्या बाजूला जाऊन कूलरमध्ये पाइप सोडला. टाकी भरली. पाणी खिडकीखालून वाहत अंगणात आलं, तुळशीपाशी तळं झालं, कुणाच्या तरी चपला तरंगायला लागल्या. नळ बंद करायला कुणी जाईना. गृहस्थ पाठमोरे उभे, पाइप हातात. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा दारात उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने तो पुढे गेला, नळ बंद केला, आणि बापाला म्हणाला, "भरला, बाबा."

बघा, एक शब्द खर्च न करता पूर्ण धडा झाला. त्या पोराला आता कळलं आहे की बाप मेला तर काय करायचं.

१९९३ मध्ये जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी काही लोकांना शस्त्रक्रियेत हात कापतानाची फिल्म दाखवली आणि त्यांतल्या काहींना बजावलं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्यांनी ते जमवलं. आत किळस मात्र इतरांएवढीच वाटली, आणि शरीरावरचा ताण, घाम, रक्तवाहिन्यांचं आकसणं, हे उलट वाढलं. काही लोक यावरून म्हणतात की दाबून काही उपयोग नाही. त्यांनी मुद्दाच सोडला. चेहरे कोरे राहिले ना? शेजाऱ्यांना रक्तवाहिन्या दिसत नाहीत.

६. प्रगत विद्यार्थ्यांसाठी: जवळचं उदाहरण

वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. मनावर ताबा कसा ठेवावा हे जगाला शिकवणारा माणूस १९३६ च्या एप्रिलअखेर तिथे, तेव्हाच्या सेगावात, राहायला आला. पुढच्याच महिन्यात त्याच्या थोरल्या मुलाने, हरिलालने, धर्म बदलून अब्दुल्ला नाव घेतल्याची बातमी देशभर झाली. बापलेकांचं बिनसलं होतं ते दक्षिण आफ्रिकेपासून. हरिलालला इंग्लंडला जाऊन शिकायचं होतं. शिष्यवृत्तीची संधी आली तेव्हा बापाने आपलंच पोर म्हणून झुकतं माप नको, या तत्त्वाने ती दुसऱ्यांना दिली. अजित दळवींचं 'गांधी विरुद्ध गांधी' हे नाटक याच बापलेकांचं. बघितलं असेल तर तुम्ही डोळे पुसले असतील, आणि घरी येऊन पोराला बारावीनंतरची साइड तुम्हीच ठरवून दिली असेल.

या नात्यातला एक प्रसंग अभ्यासक्रमाला लावला आहे. कटनी स्टेशनवर गांधी-कस्तुरबांची गाडी थांबली. बाहेर गर्दी महात्मा गांधींचा जयजयकार करत होती, त्यात एकच आवाज निराळा: कस्तुरबांचा जय. तो हरिलाल होता. कपडे फाटके, तब्येत गेलेली. खिशातून एक संत्रं काढून त्याने आईच्या हातात दिलं. बापू म्हणाले, माझ्यासाठी काही नाही का? नाही, हे फक्त बासाठी, असं सांगून वर त्याने ऐकवलं की तुमचा सगळा मोठेपणा हिच्यामुळे आहे. बांनी त्याला सोबत चल म्हणून विनवलं, तो आला नाही. गाडी हलल्यावर बांच्या लक्षात आलं की पोराला खायला काहीच दिलं नाही, आणि फळांची टोपली तर शेजारीच होती.

आता यावरून कुणी म्हणेल, एवढा संयमी बाप, सगळ्या जगाचं ऐकून घेणारा, त्याने घरातल्या पोराचं जरा आधी ऐकून घ्यायला हवं होतं. हा निष्कर्ष अवघड आहे, आणि तुमच्या-आमच्यासाठी फार महागाचा. तुम्ही एवढाच बोध घ्या: पोराच्या हाती संत्रं लागू देऊ नये. आपल्या भागात जरा कठीण आहे.

७. हिशेब वेळच्या वेळी दाखवा

"तुझ्यासाठी काय नाही केलं?" हा प्रश्न महिन्यातून एकदा. उत्तर अपेक्षित नसतं, पण मुलाने मनातल्या मनात यादी करायला हवी. निकालाच्या दिवशी यादी मोठ्याने वाचा. ९१ टक्के पडले तर ९ कुठे गेले विचारा. विचारताना "रागावत नाही मी" असं आधी म्हणा. मावशीच्या पोराचा निकाल हाताशी असू द्या. मूल खोलीत जाऊन दार लावेल. दार वाजवून सांगा, "आमच्या घरात दारं लावायची पद्धत नाही." खरं आहे. उघडायचीही नाही.

८. बाहेरची मदत टाळा

सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस नावाची सेवा सुरू केली. १४४१६ हा नंबर फिरवला की दिवसरात्र, फुकट, मराठीतही, प्रशिक्षित माणूस ऐकून घेतो. हा नंबर पोरांच्या नजरेस पडू देऊ नका. फ्रिजवर गॅस एजन्सीचा, पाण्याच्या टँकरचा आणि मॅथ्सच्या सरांचा नंबर असतो, तिथे चौथा कशाला? सावंगी मेघेला आणि सेवाग्रामला मोठी हॉस्पिटलं आहेत, त्यांत मानसोपचार विभागही आहेत, रिक्षाने जाता येतं. पण तिथल्या रांगेत कुणी ओळखीचं भेटलं म्हणजे? गुडघ्यासाठी आलो, असं सांगावं लागेल. आणि सोळा वर्षांच्या पोरीचा गुडघा फार काळ पटत नाही. त्यापेक्षा "रिकामं डोकं म्हणजे असेच विचार येतात" म्हणून तिला आणखी एक क्लास लावा.

नेहमीच्या अडचणी

मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. वायफायचा पासवर्ड बदला. बाहेर येईल. पासवर्डपलीकडचं काही बोलू नका, त्याला संशय येईल.

मुलगा पुण्याहून फोनवर "हो", "बरं", "ठेवतो" एवढंच बोलतो. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं हे लक्षण आहे. प्रमाणपत्र वेगळं मिळत नाही. जेवला का, एवढं विचारून फोन आईकडे द्या.

तीन वर्षांचा नातू रडतो आणि तुमचा मुलगा त्याला अगदी तुमच्या आवाजात "एवढ्याशासाठी कोणी रडते काय?" म्हणतो. कौतुकाने सुनेकडे बघा. तिने नजर चुकवली तर पान उलटा.

मुलगी उलट प्रश्न विचारते. ही अडचण अलीकडची, आणि आमच्या अनुभवी पालकांनाही पेचात टाकणारी. ट्यूशन आठला सुटते, पोरगी पावणेनऊला येते. सायकलची चेन पडली होती, मोबाइल बंद पडला होता. तुम्ही तोवर फाटकाशी पंचवीस चकरा मारलेल्या असतात, चौकातल्या अपघाताच्या बातम्या आठवलेल्या असतात, दोन मैत्रिणींच्या घरी फोन करून झालेले असतात. ती दिसताच तुम्ही नियमाप्रमाणे ओरडता: अक्कल आहे काय, उद्यापासून ट्यूशन बंद, सायकल बंद, सगळं बंद. एरवी ती मान खाली घालून आत जाते. पण हिने कुठून तरी काहीतरी वाचलेलं असतं. ती काळ्या झालेल्या हातांनी सायकल भिंतीला लावते, तुमच्याकडे नीट बघते आणि विचारते, "बाबा, तुम्हाला राग आला आहे, का भीती वाटून राहिली होती?"

उत्तर देऊ नका. "हो" तर नाहीच नाही. तोंड उघडण्याआधी मागच्या बाजूला जा आणि कूलरमध्ये पाणी टाकून या. डिसेंबर असला तरी.